उभ्या यंत्रांची वखार



वखारीत माल कसा रचावा हा प्रश्न वखारवाल्याचा. सुशिक्षित घरांतील मंडळींनी त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, अशी शंका विषयाचे नाव ऐकताच मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या कचेरीच्या व्हरांड्यात, इस्पितळाच्या दिवाणखान्यात किंवा रेल्वेच्या फलाटावर काचेच्या दाराचे जे उंच कपाट उभे असते, आणि पैसे पोचताच बिस्किटांचा पुडा अगर थंड पेयाचा डबा खाली सोडते, ते तेथे येण्यापूर्वी आणि तेथून निघाल्यानंतर महिनोन्महिने कोठे राहते, हे आपण कधी विचारलेले नसते. ते वखारीत राहते. तेथे ते उचलणारी, सरकवणारी, एकावर एक चढवणारी माणसे आपल्यासारखीच घरी परतण्याच्या ओढीने काम करीत असतात. अडीच-तीनशे किलो वजनाचे कपाट एका चुकीच्या कोनात गेले, तर ते सावरण्याचे बळ कोणाही माणसाच्या अंगी नसते. म्हणून हा विषय केवळ व्यापारी शिस्तीचा नव्हे.

ह्या कपाटास सर्वत्र व्हेंडिंग मशीन म्हणतात. ह्या भाषणापुरते मी त्यास विक्रीयंत्र म्हणेन. कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हीरो नावाच्या यंत्रज्ञाने देवळातील तीर्थ देणाऱ्या यंत्राचे वर्णन लिहून ठेवले आहे: नाणे एका तरफेच्या टोकावर पडे, तरफ झुके, झडप उघडे आणि नाणे घसरून पडेपर्यंत पाणी वाहे. पुढे १८८३ साली लंडनमध्ये पर्सिव्हल एव्हरिट याने पोस्टकार्डे विकणारे यंत्र उभे केले आणि तेथून ही यंत्रे रेल्वेच्या फलाटांवर पसरली. आपल्याकडे विसाव्या शतकात वाढलेल्या पिढीला फलाटावरचे वजनाचे यंत्र आठवत असेल, नाणे टाकले की वजन आणि भविष्य दोन्ही छापलेले जाड कागदाचे तिकीट देणारे. भविष्य खरे ठरो न ठरो, वजन बहुधा खरे असे. असो.

साठवणीचा विचार मी मुंबई-नाशिक रस्त्यावरचा, भिवंडीपासून कसाऱ्यापर्यंतचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवून करणार आहे, आणि त्यास कारण आहे. मुंबईची वखार म्हणून भिवंडीचे नाव देशभर झाले. मुंबईची जकात जोवर होती तोवर तिच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्यास सोयीचे पडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली; पण वखारी गेल्या नाहीत, उलट मोठ्या झाल्या आणि पडघ्यावरून वासिंद, शहापूरच्या दिशेने सरकू लागल्या. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरील पावणेआठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे कसाऱ्याचा जुना घाट टाळून घाटमाथा गाठता येऊ लागला, आणि ह्या मुलखाचे वखारदारीतील महत्त्व आणखी वाढले.

कसाऱ्याला ओझ्याची ओळख नवी नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचली आणि चार वर्षे तेथेच थांबली. थळ घाटाचा चढ बांधून १८६५ च्या आरंभी ती इगतपुरीस गेली. हा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका आहे. आजही वर जाणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास मागून ढकलणारी इंजिने जोडावी लागतात. ओझे सपाटीवर एक वागते आणि कलत्या जागेवर दुसरेच, हे येथील रेल्वेच्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. विक्रीयंत्राच्या बाबतीतही सारी मेख ह्या कलण्यातच आहे.

एक मध्यम आकाराचे यंत्र उदाहरणास घेऊ. उंची १८३ सेंटिमीटर, रुंदी १००, खोली ८५, वजन ३०० किलो. त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच धरू. काचेचे जड दार पुढे असल्यामुळे हा मध्य खोलीच्या बरोबर मधोमध नसून पुढच्या बाजूस सरकलेला असतो. पुढच्या पायांपासून तो ३५ सेंटिमीटर मागे आहे असे समजा. आता हे यंत्र पुढे झुकू लागले, तर ज्या क्षणी गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या बरोबर वर येतो, त्या क्षणापासून ते परत येत नाही. भूमितीने तो कोन सुमारे २१ अंश भरतो. माणसाच्या खांद्याच्या वर, १६० सेंटिमीटर उंचीवर मागून रेटले, तर यंत्राचे मागचे पाय उचलण्यास ६५ किलोच्या आसपास जोर लागतो. दोन माणसांना हे सहज साधते. आणि घात येथेच आहे: पाय एकदा उचलले गेले की लागणारा जोर वाढत नाही, कमी होत जातो. निम्म्या वाटेवर तो निम्माच राहतो. रेटणाऱ्यास वाटते, काम सोपे होत आहे. वास्तविक यंत्र त्याच्या हातून सुटत चाललेले असते. दार उघडे राहिले असेल तर ते सारे वजन आणखी पुढे नेते, आणि २१ अंशांचे पंधराच्या आसपास उरतात.

अमेरिकेत नाणे अडकले किंवा डबा खाली पडला नाही, म्हणून यंत्र गदागदा हलवण्याची सवय तरुणांना लागली होती. तेथील ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेचा आयोग आहे. त्याने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणे १९७८ पासून अशा प्रकारे यंत्र अंगावर पडून किमान ३७ माणसे मेली आणि शंभरांवर जखमी झाली. ही यंत्रे सपाट जमिनीवर, एकेकटी उभी होती. वखारीत ती दाटीने, लाकडी पॅलेटवर आणि कित्येकदा एकावर एक असतात.

एकावर एक ठेवण्याचा हिशेब करून पाहू. त्याच मापाची दोन यंत्रे एकमेकांवर उभी केली तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे १८१ सेंटिमीटरांवर जातो, तळ मात्र तेवढाच राहतो. कलंडण्याचा कोन २१ वरून ११ अंशांवर येतो. तळाच्या पॅलेटची पुढची फळी मोडून किंवा कुजून पाच सेंटिमीटर खचली, तर साडेतीन अंश तेथेच खर्च झाले. आणि तळाची ही पाच सेंटिमीटरची खोट थप्पीच्या माथ्यावर एकवीस-बावीस सेंटिमीटरांचे झुकणे होऊन दिसते. उरलेले सात-आठ अंश संपवण्यास फोर्कलिफ्टचा एक धक्का पुरतो. म्हणून उघडी, पेटीबाहेरची, वापरून परत आलेली यंत्रे कधीही एकावर एक ठेवू नयेत. यंत्राचे छप्पर म्हणजे पातळ पत्रा. ते धूळ अडवण्यासाठी केलेले असते, भार पेलण्यासाठी नव्हे. ते आडवे करून रचावे, ही युक्ती तर दुहेरी घातकी आहे. तिचा विचार पुढे करू.

नवी यंत्रे कारखान्यातून जाड पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या पेटीत येतात, आणि त्या पेटीवर काही चित्रे छापलेली असतात. वर तोंड केलेले दोन बाण म्हणजे पेटी उभीच ठेवावी. छत्री म्हणजे पाणी लागू देऊ नये. पेला म्हणजे आत नाजूक वस्तू आहे. आणि एकावर एक दोन चौकोन काढून त्यांजवळ आकडा लिहिलेला असेल तर ती थप्पीची मर्यादा. चौकोनांवर काट मारलेली असेल तर थप्पी मुळीच लावू नये. ही चित्रे सर्व देशांत एकच अर्थाने वापरली जातात, ज्याला अक्षर येत नाही त्यालाही समजावीत म्हणून. खेदाची गोष्ट अशी, की ज्याला अक्षर येते तोच बहुधा ती पाहत नाही. आकड्याच्या अर्थाविषयी संशय आला तर कमीत कमी थर निघतील तोच अर्थ धरावा.

परंतु हा आकडा कोरड्या हवेतला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. शहापूर तालुक्याचा पाऊस मुंबईकरास वेगळा सांगावयास नको. तानसा आणि भातसा ही धरणे ह्याच तालुक्यात आहेत आणि मुंबईच्या नळाला येणारे पाणी मोठ्या अंशाने येथलेच. आषाढ-श्रावणात येथील हवा बाष्पाने भरलेली असते, आणि पुठ्ठा हे बाष्प शोषून घेतो. शेकडा ५० आर्द्रतेत पुठ्ठ्याची पेटी जितका भार पेलते, त्याच्या सुमारे निम्माच शेकडा ९० आर्द्रतेत पेलते. दुसरी गोष्ट काळाची. पेटीवर आज ठेवलेले ओझे ती आज पेलते, म्हणून तीन महिन्यांनी पेलेलच असे नाही. सतत दाबाखाली राहून पुठ्ठा हळूहळू थकतो आणि तीन महिन्यांत त्याची ताकद पुन्हा जवळजवळ निम्म्यावर येते. निम्म्याचे निम्मे म्हणजे पाव. पेटी बनवणारा बरीच सवलत धरून आकडा लिहितो हे खरे. पण येथला पावसाळा ओलही देतो आणि मुदतही देतो, जून ते सप्टेंबर अशी सलग चार महिन्यांची. उन्हाळ्यात दोन थरांची थप्पी निर्धोक उभी राहिली, एवढ्यावर ती तशीच पावसाळ्यात सोडून देणारा वखारदार उन्हाळ्याच्या हिशेबावर पावसाळा काढू पाहतो. माझे मत स्पष्ट आहे: कसाऱ्याच्या पायथ्याला मृगापूर्वी वरचा थर उतरवावा आणि दसऱ्यापर्यंत पुठ्ठ्याच्या पेटीतील प्रत्येक यंत्र जमिनीवर एकटे उभे राहावे. जागा दुप्पट लागेल, भाडेही वाढेल. ते भाडे मालाच्या किमतीतच धरले पाहिजे.

ह्याच तालुक्यातला शेतकरी भाताचे भारे खळ्यावर आणून उडवी रचतो, तेव्हा तळाशी आधी कोरडा आधार घालतो, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर ठेवतो, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी बाहेरून निथळून जावे. तळ कोरडा हवा आणि मोलाची बाजू आत हवी. वखारीतही पेट्या पॅलेटवर घ्याव्यात, जमिनीची ओल थेट लागू देऊ नये, आणि भिंतीपासून हात-दोन हात मोकळी जागा ठेवावी. पत्र्याच्या छपरास पहाटे दव धरते आणि ते थेंबाथेंबाने ठरावीक ओळींत गळते. छप्पर गळके नसतानाही पेटीचा माथा ओला का, ह्याचे उत्तर पुष्कळदा तेथे सापडते.

आता एक गोष्ट, जी वखारीत मुरलेल्या माणसालाही चकवते. धान्याच्या पोत्यांची थप्पी लावताना हमाल थर आडवे-उभे बदलतो, भिंतीतल्या विटांसारखी सांधेमोड करतो. पोत्यांना ते योग्यच आहे. पोते सर्वांगाने भार घेते आणि सांधेमोडीने थप्पी एकजीव होते. पुठ्ठ्याच्या पेटीचे तसे नाही. तिची बहुतेक ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. मधली भिंत जवळजवळ नुसता पडदा. वरच्या पेटीचा कोपरा खालच्या पेटीच्या कोपऱ्यावर बरोबर आला तरच भार खांबाखांबातून जमिनीत उतरतो. सांधेमोड केली की वरचा कोपरा खालच्या पडद्यावर येतो आणि निम्मी ताकद तेथेच जाते. पेटी पॅलेटच्या कडेबाहेर दोन बोटे जरी लोंबली, तरी दोन कोपरे अधांतरी होतात. पोत्यांत आयुष्य घालवलेला कुशल माणूस यंत्रांच्या वखारीत आला की त्याचे कौशल्यच त्याच्या विरुद्ध उभे राहते. हे त्यास रागावून नव्हे, रिकामी पेटी पुढे घेऊन, कोपऱ्यावर आणि मध्यावर हात दाबून दाखवावे. फरक हाताला कळतो.

अनेक थरांचा माल ठेवायचाच असेल तर त्याला लोखंडी रॅक हा खरा उपाय. रॅकमध्ये वरच्या यंत्राचा भार खालच्यावर येत नाही, तो तुळईवरून खांबात जातो. मात्र रॅकलाही तिची मर्यादा असते. ती किती किलोंची, हे प्रत्येक ओळीच्या तोंडाशी लिहिलेले असावे. आणि फोर्कलिफ्टने धक्का दिलेला, पोचा आलेला खांब दिसताच ती ओळ रिकामी करून मगच दुरुस्ती करावी. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यातील हिन्स्टॉक येथे मे २०१६ मध्ये चीजने भरलेल्या उंच रॅक एकामागून एक कोसळल्या आणि फोर्कलिफ्टवरचा चालक त्या ढिगाऱ्याखाली कित्येक तास अडकून पडला. फोर्कलिफ्टच्या पिंजऱ्याने त्याला वाचवले. विक्रीयंत्रांसारखा जड, उंच माल नेहमी सर्वांत खालच्या खणात ठेवावा. वरचे खण सुट्या भागांना आणि हलक्या सामानाला राखावेत.

जमिनीचा प्रश्न राहिला, आणि तो शहरातल्या ऐकणाऱ्यांच्या अधिक जवळचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात कोणत्या जमिनीवर किती भार धरून इमारत बांधावी, ह्याची कोष्टके दिलेली आहेत. राहत्या घराच्या खोलीस चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो धरतात. वखारीस रचलेल्या मालाच्या दर मीटर उंचीमागे सुमारे २४० किलो, आणि कोणत्याही परिस्थितीत ७५० किलोंहून कमी नाही. आपले ३०० किलोचे यंत्र पाऊण चौरस मीटरहून थोडी अधिक जागा व्यापते. म्हणजे एकटे, रिकामे असतानाच ते चौरस मीटरमागे साडेतीनशे किलोंच्या घरात जाते. आत पेयाचे चारशे डबे असतील तर त्यांचेच वजन १४० किलो. त्यातही हा भार सबंध तळावर न पसरता चार लहान पायांवर येतो. राहत्या इमारतीचा वरचा मजला स्वस्तात मिळाला म्हणून तेथे अशी यंत्रे दाटीने उभी करणे, हा खाली राहणाऱ्यांच्या जिवाशी खेळ आहे.

२९ एप्रिल २०२३ रोजी भिवंडीजवळ वळपाडा येथे तीन मजली इमारत कोसळली. खालच्या भागात वखार होती, वर कुटुंबे राहत होती. आठ माणसे मेली. एका छपराखाली संसार आणि गोदाम हा प्रकार ह्या पट्ट्यात नवा नाही, आणि मुंबई-ठाण्याच्या जुन्या चाळींतही नाही. आपल्या सोसायटीच्या वरच्या मजल्यावरची बंद खोली कोणी सामान ठेवण्यास भाड्याने मागितली, तर 'काय ठेवणार आणि त्याचे वजन किती' हे दोन प्रश्न विचारणे हा चोंबडेपणा नव्हे.

भूकंपाचाही एक शब्द बोलून टाकतो. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या बाजूस धक्क्यांची मालिका सुरू झाली होती. तो मुलूख ह्या भागापासून फार दूर नाही. म्हणून एकटे उभे असलेले यंत्रही दोन-दोन पाठीला पाठ लावून पट्ट्याने एकत्र बांधावे. जड दारे मग दोन विरुद्ध दिशांना येतात, आणि दोघांचा मिळून तळ दुप्पट खोल होतो.

माणसांविषयी. महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली माथाडींची चळवळ होती. शंभर-शंभर किलोंची पोती पाठीवर घेणाऱ्या माणसांनी पुढे ओझे पन्नास किलोंवर आणावे म्हणून झगडा केला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्यास ५५ किलोंची वरची मर्यादा सुचवली आहे. ह्या मापाने पाहता विक्रीयंत्र हे 'चार माणसे लावून उचलण्याचे' ओझे नव्हेच. चौघांत ते पंच्याहत्तर किलो प्रत्येकी पडते, तेही चौघांवर सारखे पडले तर. आणि जिन्यावर ते कधीच सारखे पडत नाही, खालच्या दोघांवर जवळजवळ सारे येते. पॅलेट ट्रक किंवा उभी हातगाडी घ्यावी, यंत्र पट्ट्याने गाडीस बांधावे आणि पाठीच्या बाजूने कलवावे. वर पाहिलेच, की गुरुत्वमध्य मागच्या पायांपासून पुढच्यापेक्षा दूर आहे. म्हणून पाठीकडे कलवलेले यंत्र आपणहून परत येऊ पाहते, पुढे कलवलेले येत नाही. दार आधी कुलूपबंद करून वर चिकटपट्टी गुंडाळावी. आणि उताराच्या बाजूस, म्हणजे यंत्र पडले तर ज्या बाजूस पडेल तेथे, कोणीही उभे राहू नये. सुटलेले यंत्र धरू नये, पडू द्यावे. ही शेवटची सूचना मालकाने स्वतःच्या तोंडाने कामगारांस द्यावी, कारण मालकाच्या धाकानेच माणूस पडत्या मालाला हात घालतो.

थंड करणाऱ्या यंत्रांना आणखी एक पथ्य आहे, आणि ते आपल्या घरच्या फ्रिजलाही तसेच लागू आहे. त्यांच्या तळाशी काँप्रेसर असतो व त्यात वंगणाचे तेल असते. यंत्र आडवे केले की हे तेल नळ्यांत वाहून जाते. मग ते लगेच चालू केले तर काँप्रेसर तेलावाचून फिरतो किंवा द्रव दाबू पाहतो आणि बिघडतो. आडवे रचण्याची युक्ती दुहेरी घातकी म्हटले ते ह्यासाठी: पत्रा तर दबतोच, काँप्रेसरही जातो. अलीकडच्या यंत्रांत जुन्या वायूंऐवजी पुष्कळदा प्रोपेन भरलेला असतो. तो वातावरणास कमी घातक, पण ज्वालाग्राही. एका यंत्रात तो दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे थोडाच असतो. तथापि बंद वखारीत शंभर यंत्रे असली तर हिशेब शंभरांचा करावा लागतो. हवा खेळती ठेवावी. यंत्राच्या पाठीमागील नळ्यांना फोर्कलिफ्टची पाती लागू देऊ नयेत, आणि बिडी वखारीच्या बाहेर ओढावी.

वापरलेले यंत्र ठेवण्यापूर्वी त्यातला माल आणि नाणी काढावी, चहा-कॉफीच्या यंत्रातले पाणी पूर्ण निचरावे आणि सांडलेली साखर गरम पाण्याने पुसावी. साखरेला मुंग्या, मुंग्यांमागे झुरळे आणि तारा कुरतडण्यास उंदीर, अशी ही पंगत ठरलेली आहे. आतली बाजू पूर्ण वाळल्यावर दार घट्ट न लावता बोटभर फट राहील असा ठोकळा घालून पट्ट्याने बांधावे; ओलसर बंद कपाटात चार महिन्यांत बुरशी भिंतीभर चढते. वीजतार पाठीशी गुंडाळावी, लोंबती ठेवू नये. किल्ली यंत्रातच ठेवणारे वखारदार पुष्कळ. ती क्रमांकाच्या चिठ्ठीसह वेगळ्या फळ्यावर टांगावी.

राहिला प्रवास. हे यंत्र शहापुराहून नाशिकला निघाले, तर घाटातली वळणे आणि ब्रेक ह्यांचा हिशेब आधी मांडावा. मालवाहतुकीच्या युरोपीय नियमांत असे धरतात, की जोराचा ब्रेक लागला असता मालावर त्याच्या वजनाच्या आठ-दशांश इतका जोर पुढच्या दिशेने येतो, आणि वळणावर पाच-दशांश बाजूस. आपल्या यंत्राचे अर्धे माप रुंदीत ५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ९०. म्हणजे बाजूस ते साडेपाच-दशांशांपर्यंत उभे राहते, जेमतेम. खोलीच्या दिशेने दाराकडे मात्र चार-दशांशही पेलत नाही. ह्यावरून ट्रकमध्ये ते कसे उभे करावे हे आपोआप ठरते: रुंदी ट्रकच्या आडव्या दिशेस, पाठ चालकाच्या खोलीकडे आणि तिच्या मागच्या भिंतीस टेकलेली, म्हणजे ब्रेक लागला की ते भिंतीवर रेलेल, दाराच्या बाजूस एक पट्टा कमरेच्या वर आणि एक तळाशी, आणि पायांशी लाकडी ठोकळे खिळवलेले. दोर सैल होतो, म्हणून आवळता येणारे पट्टे वापरावेत, आणि घाट चढण्यापूर्वी गाडी थांबवून ते एकदा हाताने ओढून पाहावेत.

मुक्कामी पोचल्यावर यंत्र उभे करून पाय फिरवून पातळी साधावी, पाठीचे कोन भिंतीत खिळवावेत, आणि वाटेत ते आडवे झाले असेल किंवा झाले नाही अशी खात्री नसेल, तर पुढचे चोवीस तास त्याची कळ दाबू नये. दुकानदार घाई करील. त्याला तेल परत खाली उतरण्यास वेळ लागतो एवढेच सांगावे, आणि वीजतार आपल्या खिशात घालून चहा घ्यावा.